शुक्रवारचा घेवडा

नोव्हेंबर लागला की थेल्माच्या जिवाला घोर लागायचा, तो महिना सरेपर्यंत काही सुटायचा नाही. लग्न होऊन या घरात आली त्याला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिला समुद्राच्या वाऱ्याची सवय झाली, सहा महिन्यांच्या हिवाळ्याची झाली, भिंतीपलीकडून येणाऱ्या सासऱ्याच्या घोरण्याचीसुद्धा झाली. बंदुकांची मात्र झाली नाही. सकाळी रानाकडून पहिला बार ऐकू आला की तिचा हात असेल तिथे थांबायचा. आपलं कोण कुठे आहे हे मनातल्या मनात मोजून झाल्याशिवाय तो पुढे हलायचा नाही.

आणि नेमकं याच महिन्यात रानात जावं लागायचं, तोच तर सगळा घोळ. कडाक्याचं हिव तीनदा पडलं की फरची पानं फांदीला घट्ट धरून राहतात. मग त्या झाडांचे शेंडे खुडायचे, घरी आणायचे आणि तारेच्या कड्यांवर बांधून नाताळात दारावर टांगायची गोल तोरणं करायची. त्याआधी घाई केली तर आठवड्यात पानं झडून गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर कचरा. हरणांच्या शिकारीचा हंगामही हाच. म्हणजे एकाच रानात निम्मं गाव वाकून डहाळ्या मोडतंय आणि उरलेलं निम्मं बंदूक घेऊन काय हलतंय ते बघत बसलंय. शिवाय बॉस्टन शहराकडून येणारे हौशी शिकारी ते निराळेच. गाय कुठली आणि हरीण कुठलं, हे त्यांना गोळी झाडल्यावर कळतं.

म्हणून घरात थेल्माने कायदे केले होते. दाराशी तीन खुंट्या, प्रत्येकीवर एक नारिंगी जाकीट आणि एक नारिंगी टोपी. सोमवार ते शनिवार परसातून लाकडं आणायची असली तरी जाकीट अंगात हवं. पांढरा रुमाल बाहेर काढायचा नाही, पांढरे हातमोजे घालायचे नाहीत. हरणाच्या शेपटीची खालची बाजू पांढरी असते, आणि पांढरं काही फडफडलं की समोरच्याचं बोट दाबलंच जातं. खुडलेल्या डहाळ्या एका काठीवर ओवून आणतात; अशी भरलेली काठी खांद्यावर घेतली की पाठीवरचं जाकीट झाकून जातं, म्हणून काठीलाही नारिंगी फडकं बांधायचं. आणि घर सोडण्यापूर्वी दारामागच्या पाटीवर खडूने लिहायचं, कोण कुठे चाललंय.

रविवारी मात्र सगळं माफ. रविवारी त्या मुलखात बंदूक उचलायला सरकारचीच बंदी होती. जाकिटं खुंटीवर, पाटी कोरी, आणि थेल्मा सहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घ्यायची. रविवारी सगळं गाव निर्धास्त रानात शिरायचं. बायका पोरंबाळं घेऊन खुडायला जायच्या, हसण्याचे आवाज रस्त्यापर्यंत यायचे.

हे कायदे नवरा मुकाट पाळायचा. हॉलिस तसा वादात पडणारा माणूस नव्हता. भरती-ओहोटी बघून चिखलातले शिंपले काढायचे, शिंपले नसतील तेव्हा डहाळ्या, आणि हंगामात एक हरीण मारून शीतपेटी भरायची, असं त्याचं वर्ष चालायचं. कुरकुर होती ती सासऱ्याची. ऑल्डनला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. दाढी आठवड्यातून एकदाच करायचा, रविवारी. लाकूडगिरणीत चाळीस वर्षं काढून डावा कान गेला होता, उजवा त्याच वाटेवर होता. पाठ मात्र ताठ होती आणि बोटं अशी, की कडकडीत गारठ्यात तो दिवसाला तीन काठ्या भरून आणायचा. त्याची काठीही त्याची स्वतःची. बाकीचे लोक कुठलंही रोपटं तोडून काठी करतात. याने एक वाळकी काठी सोलून, घासून पांढरीफेक केली होती, आणि वरच्या टोकाला दोन फाटे तसेच ठेवले होते, हाताला पकड मिळावी म्हणून.

"या रानातलं झाडन्‌झाड मला ओळखतं," जाकीट चढवताना तो रोज म्हणायचा.

"झाडं गोळ्या घालत नाहीत, बाबा," थेल्मा रोज म्हणायची.

तो ऐकू न आल्यासारखं करायचा. कधी खरंच ऐकू आलेलं नसायचं.

गेल्या हिवाळ्यापासून म्हाताऱ्याचं आणखी एक लक्षण थेल्माच्या नजरेला आलं होतं. त्याचे वार निसटायला लागले होते. मंगळवारी टपाल का आलं नाही म्हणून दाराशी उभा राहायचा आणि टपाल सोमवारीच येऊन गेलेलं असायचं, तेही त्यानेच घेतलेलं. पण विचारायचा कुणालाच नाही. चुकल्याचं लक्षात आलं की खाकरायचा आणि काहीतरी वस्तू शोधायला लागायचा. थेल्माने एकदा नवऱ्याजवळ विषय काढला.

"वय झालं आता," हॉलिस म्हणाला. "मला तरी कुठे आठवतं आज कोणता वार ते."

"तुला आठवत नाही आणि त्यांना आठवत नाही, यात फरक आहे."

"बरं," हॉलिस म्हणाला, आणि बूट घालून निघून गेला.

त्या वर्षी हॉलिसला हरीण काही मिळेना. वरचं रान म्हणजे एका मेलेल्या शेजाऱ्याचं जुनं गवताचं रान. गेली वीस वर्षं कुणी कापलं नव्हतं, कडेकडेने कोवळे फर माजले होते. तिथल्या मोठ्या झाडावर हॉलिसने फळ्या ठोकून मचाण केलं होतं. तीन आठवडे तो अंधार असताना जाऊन त्यावर बसत होता. परवाना होता फक्त नराचा, आणि दिसत होत्या सगळ्या माद्या. ऑल्डनचा डोळा त्याच रानावर होता, पण वेगळ्या कारणासाठी.

"तिथले शेंडे बघ एकदा," बुधवारी जेवताना तो म्हणाला. "दाट, हिरवेगार. अन् मी खाली दलदलीत पिवळं काटकुळं खुडत बसतोय."

"मचाण आहे तिथे माझं," हॉलिस म्हणाला. "शनिवारी हंगाम संपतोय. तोवर तिकडे कुणी फिरकायचं नाही."

"रविवारी जाईन मग."

"रविवारी जा. सगळं रान तुमचंच."

"रविवारी जातो," म्हातारा म्हणाला आणि त्याने पावाने बशी पुसून घेतली. थेल्माला आठवतं, तिला तेव्हा बरं वाटलं होतं. दोघांचं न भांडता जमलं म्हणून.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण. टर्की भाजून झाली, भोपळ्याचा केकसारखा गोड 'पाय' झाला, सगळे दुपारी झोपले. रात्री थेल्माने पाहिलं तर साठ तोरणं अजून बांधायची होती आणि ती न्यायला ट्रक सोमवारी सकाळी दाराशी लागणार होता. शुक्रवार डहाळ्या निवडण्यात आणि शनिवारचा अख्खा दिवस बांधणीत जाणार, हे उघड होतं. आता शनिवार म्हटला की त्या गावात घराघरातून एकच वास येतो. घेवड्याचे दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी काकवी, मोहरी आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा घालून मडकं चुलीत सारायचं, आणि दिवसभर त्याच्याकडे बघत राहायचं. पाणी आटलं की थोडं घालायचं. शनिवारी रात्री तो घेवडा. उरलेला रविवारी सकाळी गरम करून, पावाबरोबर. थेल्माच्या आईने तेच केलं, सासूने तेच केलं, कुणी कधी का म्हणून विचारलं नाही. पण शनिवारी तोरणं सोडून दहा वेळा मडक्याकडे कोण पळणार? तिने विचार केला, उद्याच उरकून टाकू. त्याच रात्री दाणे भिजत पडले. शुक्रवारी दिवसभर घरात काकवीचा वास भरून राहिला, रात्री तिघांनी घेवडा खाल्ला. छान झाला होता. ऑल्डनने दोनदा वाढून घेतला.

शनिवारी हॉलिस पहाटेच गेला. पाटीवर त्याचं अक्षर होतं, 'वरचं रान'. सात वाजता म्हातारा खाली आला. दाढी केलेली, केस ओले करून विंचरलेले. थेल्माने त्याच्यापुढे उरलेला घेवडा आणि पाव ठेवला.

"आज काय, नवरदेव," ती म्हणाली.

"काय?"

"छान दिसताय म्हटलं."

तो हसला आणि खायला लागला. थेल्मा मागच्या पडवीत गेली. तिथे लांब टेबलावर तारेची कडी आणि डहाळ्यांचा ढीग होता, बोटांना राळ चिकटून ती काळी पडली होती आणि तिच्या डोक्यात फक्त साठ हा आकडा होता. दाढी केलेला म्हातारा तिच्या डोक्यात कुठेच नव्हता. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच विचारत राहिली, की डोळ्यांनी बघितलं होतं तर कळलं कसं नाही.

आठच्या सुमाराला विनी आली. शेजारची विधवा, मांडीचं हाड मोडून बसवलेलं, म्हणून चालायची लंगडत. पण तोरणं बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तोंडाचाही. ती स्वयंपाकघरातून आत आली ती बोलतच.

"अगं, तुझ्या मोरीत घेवड्याचं मडकं कसं? मला क्षणभर धस्स झालं, म्हटलं आज रविवार की काय आणि मी चर्चला गेलेच नाही."

"काल केला," थेल्मा म्हणाली. "आज कुठे वेळ आहे."

"शुक्रवारी घेवडा." विनीने खुर्चीत बसताना कण्हून घेतलं. "आमचा म्हातारा असताना आमच्याकडे केला असता, तर त्याने आंघोळ करून चर्चचा कोट घातला असता."

थेल्माने पुढची डहाळी घेतली, तारेखाली धरली आणि तिचा हात थांबला. दूर कुठे बार झाला नव्हता. हात तसाच थांबला.

ती उठली. विनी काहीतरी विचारत होती, तिने ऐकलं नाही. स्वयंपाकघरात बशी धुऊन पालथी घातलेली. ऑल्डनच्या खोलीत पलंग नीट आवरलेला. दाराशी तीन खुंट्या. हॉलिसची रिकामी होती. तिच्या खुंटीवर तिचं जाकीट होतं. मधल्या खुंटीवर म्हाताऱ्याचं जाकीट, वर टोपी, दोन्ही नीट टांगलेली. कोपऱ्यातली पांढरी काठी नव्हती. तपकिरी लोकरी कोटही नव्हता. पाटीवर फक्त हॉलिसचे दोन शब्द होते. रविवारी पाटीवर लिहायचं नसतंच.

"विनी," ती म्हणाली. "बाबा वरच्या रानात गेलेत. त्यांना वाटतंय आज रविवार आहे."

विनी लंगडत दाराशी आली.

"हॉलिस तिथे मचाणावर आहे," थेल्मा म्हणाली.

"हाका मार. म्हाताऱ्याला हाका मार."

"त्यांना ऐकू येत नाही, विनी. तू असं कर, रस्त्याच्या टोकाला जा आणि गाडीचा हॉर्न वाजव. थांबू नकोस. हॉलिसला ऐकू गेला तर तो खाली तरी उतरेल."

तिने जाकीट चढवलं, टोपी घातली, म्हाताऱ्याचं जाकीट त्याच्या टोपीसकट हातात घेतलं. ओट्यावर त्या गोड 'पाय'चं रिकामं पत्र्याचं ताट आणि लाकडी डाव होता, दोन्ही उचलून ती पळाली.

वाट लाकडं ओढायची जुनी, चढणीची, पाऊण मैलाची. परवा भुरभुरलेल्या बर्फाचा पापुद्रा अजून होता, त्यात म्हाताऱ्याचे बूट स्पष्ट उमटले होते आणि बाजूने ओढत नेलेल्या काठीची रेघ. पावलं कुठे अडखळली नव्हती. निवांत चालत गेला होता माणूस. सुटीचा दिवस होता त्याचा. थेल्मा पळता पळता ताट बडवत होती आणि ओरडत होती. वारा समुद्राकडून पाठीवर येत होता, पण मधे चढ होता आणि दाट झाडी होती. आपला आवाज दहा हातांपुढे जातोय की नाही याची तिला खात्री नव्हती. सेहेचाळिसाव्या वर्षी चढणीला पळणं म्हणजे काय ते छातीला कळत होतं. खालून विनीचा हॉर्न सुरू झाला, लांबलचक, मग परत.

तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत होती. तपकिरी कोट, वाकलेला. म्हातारा खुडताना कंबरेत वाकायचा, एक डहाळी मोडायचा, दोन पावलं सरकायचा, थांबायचा. हरीण असंच चरतं. हॉलिसला तीन आठवडे काही मिळालं नव्हतं आणि आजचा शेवटचा दिवस होता. हॉलिस चांगला माणूस आहे, ती स्वतःला सांगत होती. हॉलिस बघितल्याशिवाय गोळी झाडत नाही. गावात दहा वर्षांपूर्वी एकाने स्वतःच्या मेव्हण्याला मारलं होतं, तोही चांगला माणूस होता. त्यानेही बघितलंच होतं. बघताना त्याला हरीण दिसलं होतं, एवढंच.

घेवडा मी केला, तिच्या डोक्यात आलं. वेळ वाचवायला.

वाट वळली आणि वरून बार झाला.

एकच. मोठा, सरळ. थेल्मा वाटेत ओणवी पडली. ताट गडगडत कडेला गेलं. तिला आपल्या मांड्या गरम, ओल्या झाल्याचं कळलं. काहीच वाटलं नाही त्याचं. ती कान देऊन राहिली. कुणी किंकाळी फोडेल, हॉलिस बापाला हाक मारेल, काहीतरी. काहीच आलं नाही. फक्त खालून हॉर्न. बार वरून झाला होता की पलीकडच्या डोंगरावरून, तेही तिला आता सांगता येईना. टेकड्यांत आवाज कुठला कुठे फिरतो. ती उठली, ताट शोधलं, डाव मिळाला नाही. मग मुठीने ताट बडवत ती चालायला लागली. पळता येत नव्हतं. वर काय दिसेल या भीतीने पाय जड झाले होते आणि वर लवकर पोचलं पाहिजे या भीतीने ते उचलत होते.

दगडी बांधापाशी रान उघडं झालं. पिवळं मेलेलं गवत, त्यावर बर्फाचे ठिपके, पलीकडच्या कडेला फरची दाट जाळी. डावीकडे मोठ्या झाडावर मचाण, त्यावर नारिंगी ठिपका. हॉलिस बसला होता. बंदूक गालाला लावलेली, तोंड फरच्या जाळीकडे.

थेल्मा बांधावर चढली आणि तिने ताट दोन्ही हातांनी धरून दगडावर आपटलं, परत आपटलं, आणि त्याचं नाव घेऊन ओरडली. आवाज फाटला. बंदुकीचं टोक हललं. हॉलिसने मान वळवली.

तो मचाणावरून उतरला तो शिडी सोडून उडी मारूनच. गवतातून ताडताड चालत आला. एवढा चिडलेला तिने त्याला लग्नापासून पाहिला नव्हता.

"वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला. "तीन आठवडे त्या फळीवर बूड गोठवतोय मी. अन् आज आला. आज. तुला काय एवढं आभाळ कोसळलं?"

थेल्मा धापा टाकत बांधावरून उतरली.

"पाच मिनिटं धरला होता मी त्याला. त्या जाळीत. नुसती पाठ दिसत होती, तपकिरी, खाली मान घालून चरत होता. बंदुकीच्या दुर्बिणीत अख्खा बसला होता. सुरक्षेचा खटका काढून बसलो होतो. शिंगं दिसली की झालं, एवढंच बाकी होतं. मान वर करणार, तेवढ्यात तुझी ही वाजंत्री."

थेल्माने हातातलं जाकीट पुढे केलं.

"काय आहे हे?"

"बाबांचं," ती म्हणाली. "खुंटीवर होतं."

हॉलिसने जाकिटाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग त्याच्या चेहऱ्यावरचा राग तसाच राहिला पण खालचा रंग उतरला, आणि तो सावकाश जाळीकडे वळला.

जाळी हलली. फरच्या शेंड्यांवर आधी दोन फाटे वर आले. पांढुरके, सोललेले, टोकाला वळलेले. ते डुलत डुलत पुढे सरकायला लागले. हॉलिसचा हात बंदुकीकडे गेला. माहीत असूनसुद्धा गेला. इंचभर गेला आणि तिथेच राहिला, आणि थेल्माने ते बघितलं, आणि तिने बघितलं हे त्याला दिसलं.

म्हातारा फांद्या बाजूला सारत बाहेर आला. खांद्यावर डहाळ्यांनी भरलेली काठी, गाल थंडीने लाल. दोघांना बघून तो थांबला. त्याची नजर हॉलिसच्या बंदुकीवर गेली.

"रविवारी बंदूक?" तो म्हणाला.

हॉलिसने बंदूक खांद्यावरून उतरवली.

"लाज नाही वाटत? जंगलखात्याच्या वॉर्डनने बघितलं तर बंदूक जाईल, परवाना जाईल, अन् गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एका हरणासाठी. तुझी आई असती तर तिने या वयातही तुझे कान उपटले असते." तो काठी खांद्यावर सावरून थेल्माकडे वळला. "अन् तूही त्याला काही बोलत नाहीस."

हॉलिस गवतात बसला. बंदुकीतून काडतुसं काढायला लागला. एक काडतूस निघालं आणि बर्फात पडलं. दुसरं अडकलं, ते त्याने ओढून काढलं. मग बंदूक बाजूला ठेवून तो गुडघ्यांवर बांधापर्यंत गेला आणि ओकला.

"काय झालं त्याला?" ऑल्डनने विचारलं.

थेल्मा त्याच्या उजव्या कानाशी गेली. "बाबा, आज शनिवार आहे."

"नाही."

"शनिवार आहे, बाबा."

"सकाळी घेवडा होता," म्हातारा म्हणाला, लहान पोराला समजावावं तसा. "काल रात्री घेवडा, सकाळी घेवडा. मी दोनदा घेतला काल."

"तो मी शुक्रवारी शिजवला. आज वेळ नव्हता म्हणून. चूक माझी आहे."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच वेळी खाली दलदलीकडे दोन बार झाले, पाठोपाठ. त्याला ते ऐकू आले नाहीत. पण थेल्माची मान झटकन वळलेली त्याने पाहिली, बांधाशी ओणवा झालेला आपला मुलगा दचकलेला पाहिला, आणि त्याला कळलं. त्याने आधी स्वतःच्या तपकिरी बाहीकडे बघितलं. मग मचाणाकडे. मग जाळीकडे. ते अंतर त्याने डोळ्यांनी मोजलं, आयुष्यभर मोजत आलेल्या माणसासारखं. खांद्यावरची काठी त्याने खाली ठेवली.

"म्हणजे दाढी उगीच केली," तो म्हणाला.

थेल्माने त्याच्या अंगात जाकीट घातलं. त्याला बंद बांधता येईनात. डोळ्याला दिसू नये इतक्या चपळाईने डहाळी मोडणारी ती बोटं नुसती बंदाला धरून राहिली होती. तिने बांधले. त्याने हनुवटी वर करून बांधू दिले. तिनेच टोपी त्याच्या कानांवर ओढली. हॉलिस तोंड पुसत आला, बापाच्या समोर उभा राहिला. त्याने खाली वाकून काठी उचलली, दोन्ही फाटे गुडघ्यावर घेतले आणि एकेक करून मोडून टाकले. म्हाताऱ्याने ते बघितलं. नऊ वर्षं ती काठी त्याच्याजवळ होती.

रिकामी बंदूक थेल्माने घेतली. आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. खाली जाताना म्हातारा मधे होता, मुलगा पुढे, सून मागे. ती मोठमोठ्याने बोलत होती, काहीही, तोरणांचं, ट्रकचं, विनीच्या मांडीचं, रानातल्या बंदूकवाल्यांना माणसाचा आवाज ऐकू यावा म्हणून. ओल्या कपड्यांनी मांड्या गारठल्या होत्या. विनीचा हॉर्न हळूहळू बारीक होत गेला. त्यांना बघून तिने गाडीतून डोकं बाहेर काढलं.

"बॅटरी मेली माझी," ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याला बघून रडायला लागली.

घरी येऊन थेल्माने कपडे बदलले आणि घेवडा भिजत न घालता सरळ उकळायला ठेवला. साठ तोरणं तशीच पडली होती. विनी बांधत होती. थेल्मा दर अर्ध्या तासाला उठून मडक्यात पाणी घालायची. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. शनिवार शनिवारच्या जागी परत ठेवायचा होता, एवढंच तिला कळत होतं. रात्री तिघांनी घेवडा खाल्ला. दाणे कडक राहिले होते. हॉलिसने बंदूक माळ्यावर टाकली होती आणि माळ्याची शिडी आणून बाहेर लाकडांच्या ढिगाआड ठेवली होती. त्याने बशी संपवली. शीतपेटी रिकामीच राहिली.

सकाळी रान चिडीचूप होतं. रस्त्यावरून पोरं डहाळ्या खुडायला चालली होती, त्यांचे आवाज येत होते. थेल्माने उरलेला घेवडा गरम केला, पाव कापला. हॉलिस येऊन बसला. जिन्यावर पावलं वाजली आणि ऑल्डन खाली आला. दाढी केली नव्हती. अंगात घरातला सदरा आणि सदऱ्यावर नारिंगी जाकीट, सगळे बंद नीट बांधलेले. डोक्यावर टोपी. तो आपल्या जागी बसला आणि त्याने बशी पुढे ओढली.

हॉलिस खाली बघायला लागला. थेल्मा सासऱ्याच्या उजव्या बाजूला गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, आज रविवार आहे," ती म्हणाली. "खरोखरचा. काढा ते."

म्हाताऱ्याने बशीतल्या घेवड्याकडे बघितलं.

"कालही होता," तो म्हणाला, आणि पाव मागितला.